वर्दी देणारा अली, वर्दी घालणारा अली

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने आपला अहवाल पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्याकडे सोपवला तो दिवस होता १७ नोव्हेंबर २००६. संसदेच्या पटलावर तो ठेवला गेला ३० नोव्हेंबरला. या दोन तारखांच्या मधे एक शुक्रवार येतो, २४ नोव्हेंबर. त्या दिवशी ‘धूम २’ प्रदर्शित झाला.

दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. एक चारशे पानांचा सरकारी दस्तऐवज, दुसरा हृतिक रोशन आणि ऐश्वर्या राय यांचा रिओ द जानेरोपर्यंत पळणारा मसालापट. पण दोघांतही एक मुस्लिम मेकॅनिक आहे आणि एक मुस्लिम पोलीस आहे. अहवालात ते दोन वेगवेगळ्या तक्त्यांत बसलेत. सिनेमात ते एकच माणूस आहेत. त्याचं नाव अली अकबर फतेह खान.

आपल्याकडे सच्चर अहवालावर भरपूर लिहून झालं. परिसंवाद झाले, पुस्तिका निघाल्या, दर नोव्हेंबरात आपण ते आकडे पुन्हा बाहेर काढतो. अलीवर कुणी लिहिलं नाही. कारण तो विनोदी. विनोदी माणसाची कुणी चिकित्सा करत नाही, आणि म्हणून तो आपलं काम निवांत करत राहतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी सच्चर हे नाव प्रथम माझ्या तोंडून ऐकलं. अली त्यांना आधीच ठाऊक होता.

ज्यांनी पाहिला नाही किंवा विसरले त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला ‘धूम’ ऑगस्ट २००४ मध्ये आला. दिग्दर्शक संजय गढवी, निर्मिती यशराजची. मुंबईत मोटारसायकलींवरून दरोडे घालणारी एक टोळी आहे. तिच्या मागावर मुंबई पोलिसांचा एसीपी जय दीक्षित, म्हणजे अभिषेक बच्चन. त्याला बाइकची भाषा समजणारा माणूस हवा असतो. तो अलीला पकडतो. अली म्हणजे उदय चोप्रा. बाइक दुरुस्त करणारा, पळवणारा, कागदपत्रांची फार चौकशी न करता विकणारा. गुन्हा माफ, बदल्यात मदत, असा सौदा होतो. मग दोघांची जोडी जमते, मधे बिनसते, अली गोव्यात थेट टोळीला जाऊन मिळतो आणि शेवटी कळतं की तो जयनेच पेरलेला होता.

दुसऱ्या भागात अली सब-इन्स्पेक्टर आहे.

कसा झाला, हे सिनेमा दाखवायच्या भानगडीत पडत नाही. आपणही विचारत नाही. सीक्वेलचा तो फायदाच असतो: मधल्या काळात काय घडलं ते प्रेक्षकाने स्वतःच्या हिशेबाने भरून घ्यायचं. पण हा मधला काळ मला सोडता येत नाही.

*

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. ‘वर्दी’ हा शब्द वर्गात आला की थांबावं लागतं. उर्दूत आणि हिंदीत वर्दी म्हणजे गणवेश. मराठीतही आता तो अर्थ रुळलाय, पण मराठीत वर्दी देणे म्हणजे खबर देणे. आग लागली की अग्निशमन दलाला वर्दी मिळते. गावात काही घडलं की चौकीवर वर्दी दिली जाते. मुलं हसतात, कारण एका भाषेत जी वस्तू अंगात घालायची ती दुसऱ्या भाषेत तोंडाने द्यायची.

अलीचा दोन सिनेमांतला प्रवास नेमका या दोन अर्थांमधला आहे. २००४ मध्ये तो मराठी अर्थाने वर्दी देतो, २००६ मध्ये उर्दू अर्थाने घालतो. खबऱ्याचा अधिकारी झाला. आणि खबऱ्याची जागा रिकामी राहत नाही. ‘धूम २’ मध्ये जय चोराच्या गोटात सुनहरीला पेरतो, म्हणजे ऐश्वर्याला. पहिल्या भागात अलीने केलं ते काम दुसऱ्यात तिच्या वाट्याला येतं. या जोडीच्या इतिहासात ही खरोखरची बढती आहे, आणि ती किती मोठी आहे हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९७३ चा ‘जंजीर’. इन्स्पेक्टर विजय खन्ना आणि शेर खान. शेर खान पठाण आहे, जुगाराचे अड्डे चालवतो, विजयशी भिडतो आणि त्याचा जिवलग होतो. पोलिसाचा मित्र, पण पोलीस नाही. दिलदार, शब्दाचा पक्का आणि कायद्याच्या पलीकडून आलेला. १९७७ चा ‘अमर अकबर अँथनी’ घ्या. तीन भाऊ तीन धर्मांत वाढतात आणि पटकथा त्यांना तीन धंदे वाटते. अमरला पोलिसाची वर्दी, अकबरला कव्वाली, अँथनीला दारूचा गुत्ता. हा सिनेमा माझाही आवडता आहे, त्यातला अकबर मला आजही तोंडपाठ आहे. पण वाटणी बघा. राज्यसंस्था अमरच्या अंगावर आहे. अकबरच्या गळ्यात सूर आहे.

अलीचं मधलं नाव अकबर ठेवताना लेखकाच्या मनात हे होतं की नाही, सांगता येणार नाही. हिशेब मात्र असा निघतो की अमरनंतर अकबरला वर्दी मिळायला २९ वर्षं लागली.

ही जोडीची कल्पना अमेरिकेहून आली असं म्हणायची पद्धत आहे. ते अर्धं खरं आहे. शेर खान आणि विजय हे हॉलिवूडच्या त्या लाटेच्या आधीचे. पण ‘धूम’चा साचा मात्र तिकडचा. १९८२ मध्ये वॉल्टर हिल यांचा ‘फॉर्टी एट अवर्स’ आला: गोरा पोलीस निक नोल्टी आणि दोन दिवसांसाठी तुरुंगातून बाहेर काढलेला काळा कैदी एडी मर्फी. गुन्हेगाराला गुन्हेगार कळतो म्हणून सोबत घेतलेला, फटाफट बोलणारा, सगळा हशा घेऊन जाणारा. पाच वर्षांनी १९८७ मध्ये ‘लेथल वेपन’ आला आणि त्याने पाट्यांची अदलाबदल केली. तिथे काळा डॅनी ग्लोव्हर हा ज्येष्ठ अधिकारी आहे. घर, बायको, मुलं, निवृत्तीचे वेध. आणि भडक माथ्याचा, स्वतःच्या जिवावर उठलेला आहे तो गोरा मेल गिब्सन. शहाणपण कुणाकडे आणि वेडेपणा कुणाकडे, याची वाटणीच त्यांनी बदलली.

‘धूम’ने या दोन नमुन्यांपैकी पहिला उचलला. जयकडे घर आहे, पत्नी आहे, कपाळावर आठी आहे. अलीकडे बाइक आहे, बडबड आहे, आणि दिसेल त्या मुलीशी लग्न लागून पोरंबाळं झाल्याचं दिवास्वप्न आहे. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९९० मध्ये ‘फॉर्टी एट अवर्स’चा पुढचा भाग आला तेव्हाही एडी मर्फीचं पात्र तुरुंगातूनच बाहेर येत होतं. आठ वर्षांत त्याला कुणी वर्दी दिली नाही. अलीला दोन वर्षांत मिळाली.

मराठीत हा प्रकार वेगळ्या वाटेने गेला. ‘लेथल वेपन’ आला त्याच १९८७ साली महेश कोठारे यांचा ‘दे दणादण’ आला. महेश आणि लक्ष्या दोघेही पोलिसात, लक्ष्याला अचाट शक्ती मिळते आणि मग नावाप्रमाणे दणादण. पुढे ‘झपाटलेला’ मध्येही इन्स्पेक्टर महेश जाधव आहेच, आणि त्याचा दुसरा भाग थ्रीडीत २०१३ मध्ये आला. या मराठी जोडीत दोघांमधला फरक धर्माचा नव्हता, हुद्द्याचा आणि अंगकाठीचा होता. साहेब आणि हवालदार. पोलीस ठाण्याची पायरी ज्याने चढली आहे त्याला हा फरक धर्माइतकाच जुना वाटेल! पण त्यामुळे मराठी पडद्याला हा प्रश्न पडलाच नाही, की हवालदाराचं आडनाव मुलाणी असतं तर विनोद कुठून काढला असता.

*

अलीच्या आधी एक सलीम होऊन गेला. त्याच्याशिवाय अलीचं वजन करता येत नाही.

मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जे घडलं त्याची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने केली. अहवाल १९९८ मध्ये सरकारला मिळाला. पोलीस दलात मुसलमानांविषयी पूर्वग्रह होता आणि दंगल हाताळताना तो दिसला, हे आयोगाने स्पष्ट शब्दांत नोंदवलं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९९ मध्ये, जॉन मॅथ्यू मॅथन यांचा ‘सरफरोश’ आला. त्यात एसीपी अजयसिंह राठोड आणि त्याच्या हाताखालचा इन्स्पेक्टर सलीम आहेत. सलीमच्या हातून एक आरोपी निसटतो. त्याला तपासातून बाजूला काढलं जातं. सलीमला वाटतं, आरोपी निसटला म्हणून नव्हे, आपलं नाव सलीम आहे म्हणून. तो दुखावतो, राठोडला सुनावतो आणि तरी परत येऊन केस पुढे नेणारी माहिती तोच आणतो.

तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. सलीमचा तो प्रसंग आला की थिएटरात एक वेगळीच शांतता व्हायची. आमच्या रांगेतही आणि मागच्या रांगेतही. आपल्या घरात दबक्या आवाजात बोललं जाणारं वाक्य कुणीतरी मोठ्या पडद्यावर बोललं होतं. (गंमत अशी की राठोड झाला होता आमिर खान आणि सलीम झाले होते मुकेश ऋषी. आपल्या सिनेमातली ही उलटापालट जुनी आहे. शेर खान प्राणसाहेबांनी केला, अकबर ऋषी कपूरने.)

पण सलीमला पडद्यावर जागा मिळते ती परीक्षा देण्यासाठी. त्याचा सगळा अभिमान, सगळा संताप निष्ठा या एकाच विषयाभोवती फिरतो. सलीमला घर आहे का, त्याला कुठला सिनेमा आवडतो, तो डबा काय आणतो, हे सिनेमाला गरजेचं वाटत नाही. त्याला मुसलमान असण्यातून सुट्टी नाही.

अलीला आहे. मी अलीची बाजू घ्यायला लागते ती इथे. तिन्ही ‘धूम’मध्ये त्याच्या देशप्रेमाचा प्रश्न कथेच्या केंद्रात येत नाही. पहिल्या भागात त्याच्यावर अविश्वास दाखवला जातो तो भुरटा म्हणून, चोराचा यार म्हणून; मुसलमान म्हणून नाही. दुसऱ्या भागात तोही उरत नाही. तो पोलीस आहे, नोकरी करतो, साहेबाच्या मागे फरफटतो, मुलींकडे बघून पाघळतो. ‘सरफरोश’ आणि ‘धूम २’ यांच्यात संसदेवरचा हल्ला, गुजरात, आणि २००६ च्याच जुलैत मुंबईच्या लोकलमधले स्फोट घडून गेले होते. त्या वातावरणात, स्फोटांनंतर चार महिन्यांनी, मुंबई पोलिसांच्या गणवेशातला एक खान कुठलीही कैफियत न देता लोकांना हसवत होता आणि लोक त्याच्यावर चिडून नव्हे, त्याच्यासोबत हसत होते. ही क्षुल्लक गोष्ट नव्हती.

तिची किंमत मात्र होती. निर्णय जय घेतो. चोराचं मन जय ओळखतो. शेवटी फिजीमध्ये आर्यन आणि सुनहरीला सोडून द्यायचं की नाही, तेही जय ठरवतो. दुसऱ्या भागात तिसरी पोलीस अधिकारी येते, एसीपी शोनाली बोस. बाई म्हणून मला आधी तिचं कौतुक वाटलं होतं. पण थोड्या वेळाने ती मागे पडते आणि बिपाशा बसूचीच दुसरी भूमिका, जुळी बहीण मोनाली, अलीला पाघळण्यासाठी पुढे येते. गणवेशातली बाई आणि गणवेशातला मुसलमान, दोघांची सोय एकाच फटक्यात!

सलीमला आदर आहे, पण उसंत नाही. अलीला उसंत आहे, पण आदर नाही. आपल्या लोकप्रिय सिनेमाने मुस्लिम पोलिसाला जे काही देऊ केलं ते बहुतेक या दोन टोकांवर. दोघांच्या मधला, कधी गंभीर, कधी विनोदी, कधी चुकणारा, कधी कंटाळलेला आणि तरी कामात पक्का असा माणूस मात्र फारसा लिहिला गेला नाही.

*

आता सच्चर समितीकडे. २००१ च्या जनगणनेनुसार देशात मुसलमान १३.४ टक्के. समितीला भारतीय पोलीस सेवेत ते ४ टक्के आढळले, प्रशासकीय सेवेत ३, परराष्ट्र सेवेत १.८. ज्या राज्यांनी माहिती दिली त्यांत पोलीस शिपायांमधलं प्रमाण ६ टक्के. दुसऱ्या बाजूला, मुसलमानांचं प्रमाण इतरांच्या तुलनेत जास्त दिसलं ते स्वयंरोजगारात: किरकोळ व्यापार, कापड आणि शिवणकाम, तंबाखूचे धंदे, वाहतूक आणि वाहनदुरुस्ती.

वाहनदुरुस्ती. म्हणजे पहिल्या भागातला अली.

हे वाचायला मला तक्ता लागत नाही. मोशीत राहणाऱ्या कुणालाच लागणार नाही. आमचं गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. नाशिक रस्त्याने एका बाजूला भोसरी, दुसऱ्या बाजूला चाकण. चाकणला बजाजच्या कारखान्यात पल्सर तयार होते. २००१ मध्ये ती बाजारात आली आणि ‘धूम’ येईपर्यंत इथल्या प्रत्येक तरण्या पोराचं स्वप्न झाली होती. पडद्यावर सुझुकीची हायाबुसा धावली आणि इथे पल्सरचे सायलेन्सर बदलले गेले. कारखान्यात बाइक जोडणारे हात सगळ्या जातिधर्मांचे. पण रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये क्लच प्लेट बदलणारे, पंक्चर काढणारे, कार्बोरेटर साफ करणारे मिस्त्री बघितले तर सच्चर समिती इथे येऊन मोजून गेली असावी असं वाटतं.

यातल्या एका मिस्त्रीचा मुलगा माझा विद्यार्थी. दहावीनंतरही येत राहिला, कारण त्याला पोलीस भरती द्यायची होती. मित्रांनी त्याचं नाव अली ठेवलं. बापाचं गॅरेज आणि पोराला वर्दी हवी, म्हणजे अलीच. तो हसून घ्यायचा. एकदा मात्र मला म्हणाला, “मॅडम, त्याने ग्राउंड कधी दिलं?”

मघाशी म्हटलं तो मधला काळ हाच. अलीने दोन सिनेमांच्या मधे काय दिलं असेल ते जरा मांडून बघू. महाराष्ट्रात शिपाई व्हायचं तर बारावी पास. मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. मग १०० गुणांची लेखी: अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. सब-इन्स्पेक्टर व्हायचं तर पदवी, लोकसेवा आयोगाची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, शारीरिक चाचणी, मुलाखत आणि मग नाशिकच्या पोलीस अकादमीतलं प्रशिक्षण. दोन वर्षांत हे सगळं उरकणारा मेकॅनिक असेल तर त्याला जयची नव्हे, जयलाच त्याची गरज आहे.

माझा विद्यार्थी पहाटे मोशी प्राधिकरणातल्या रुंद रस्त्यांवर पळायचा. मैदानी चाचणीत त्याला चांगले गुण पडले. अडकला तो लेखीत, आणि लेखीत मराठी व्याकरणात. उर्दू माध्यमातल्या मुलाला मराठी बोलता येते, भांडता येते, गिऱ्हाइकाशी भाव करता येतो. पण विभक्ती, प्रयोग, समास यांच्या तक्त्यांशी त्याची ओळख उशिरा होते. घरात दखनी, शाळेत उर्दू, रस्त्यावर मराठी, सिनेमात हिंदी. चार भाषा येतात आणि चारांपैकी ज्या एकीत परीक्षा असते तिचं व्याकरण कच्चं राहतं. राज्य सरकारने अल्पसंख्याक तरुणांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षण सुरू केलं, ती चांगली योजना आहे. पण दोन-तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात दंड-बैठका वाढतात, समास सुटत नाहीत. ते काम पाचवीपासून करावं लागतं. आपल्या उर्दू शाळांत मराठीचा तास हा सवड मिळाली की घ्यायचा तास राहिला, तोवर भरतीच्या यादीत आपली नावं का नाहीत हे विचारायला आपण फक्त सरकारच्या दारात जाऊन भागणार नाही. हे लिहिल्याबद्दल काही सहकारी रागावतील. रागावू देत.

अलीची भाषा यात आणखी घोळ करते. तो बोलतो ती सिनेमाने घडवलेली मुंबईची टपोरी बोली. ती ऐकून देशभर समजूत पक्की होते की महाराष्ट्रातला मुसलमान असाच बोलतो. (दीक्षितसाहेब तरी कुठे मराठी बोलतात म्हणा, आडनाव एवढं आपल्याकडचं असून!) पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही ठाण्यात एखादे हवालदार शेख किंवा तांबोळी भेटतील. ते फिर्याद लिहून घेतात ती अस्सल सरकारी मराठीत: सदर इसम, नमूद वेळी, मौजे मोशी. त्यांना विनोदही करता येतो, आणि तो विनोद मराठीत असतो. असा माणूस पडद्यावर आला असता तर माझ्या वर्गातल्या मुलांना व्याकरणाचा तास वेगळा वाटला असता.

*

‘धूम २’ नंतर सहा महिन्यांनी, मे २००७ मध्ये, ‘शूटआउट अ‍ॅट लोखंडवाला’ आला. १६ नोव्हेंबर १९९१ च्या चकमकीवरचा. त्या कारवाईचं नेतृत्व करणारे अधिकारी खऱ्या आयुष्यात आफताब अहमद खान, ए. ए. खान. मुंबईतलं दहशतवादविरोधी पथक उभं करणारे ते. सिनेमात त्यांचं नाव शमशेर खान झालं आणि भूमिका संजय दत्तने केली. हाताखाली कविराज पाटील आणि जावेद शेख. म्हणजे इथे खान वरिष्ठ आणि पाटील कनिष्ठ, जोडी उलटी. चकमकींचं समर्थन मी करणार नाही, आणि त्या सिनेमाला कायद्यापेक्षा बंदुकीचं प्रेम जास्त आहे. तरी नोंद एवढी करायची की सलीमसारखा हुंदका नाही आणि अलीसारखा खुळखुळा नाही असा एक खान हुकूम देताना पडद्यावर दिसला, आणि तो लेखकाच्या कल्पनेतून नव्हे, मुंबई पोलिसांच्या इतिहासातून आला होता.

इतिहास असा सिनेमाच्या पुढे होता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईचे पोलीस आयुक्त हसन गफूर होते. त्या रात्रीच्या त्यांच्या नेतृत्वावर राम प्रधान समितीने टीका केली. ती टीका वाचताना मला एक विचित्र समाधान वाटलं होतं, ते सांगते. समितीने त्यांना आयुक्त म्हणून तपासलं. सलीमसारखी निष्ठेची परीक्षा नव्हती ती. अधिकाऱ्याची अधिकारी म्हणून झालेली चिकित्सा होती. पुढे २०१५ मध्ये अहमद जावेद मुंबईचे आयुक्त झाले आणि नंतर सौदी अरेबियात भारताचे राजदूत. यांच्यावर सीक्वेल सोडाच, पहिला भागही निघाला नाही.

पडद्यावर अलीचा तिसरा भाग डिसेंबर २०१३ मध्ये निघाला. शिकागोत. दोन भागांचं लेखन केलेले विजय कृष्ण आचार्य आता दिग्दर्शक. चोर बदलला, शहर बदललं, देश बदलला, बाइकला नवी करामत आली. अली तिथेच. सात वर्षांच्या नोकरीत माणूस थोडा तरी पोक्त होतो. ठाण्यातला साधा शिपाईही होतो. अली झाला नाही, कारण तो पोक्त झाला तर हसायचं कुणाला?

आणि भाषेने या मालिकेतून काय उचललं तेही पाहण्यासारखं आहे. मराठी वर्तमानपत्रांत ‘धूम स्टाईल’ हा शब्दप्रयोग कायमचा बसला. धूम स्टाईलने आले, पादचारी महिलेच्या गळ्यातलं गंठण हिसकावलं आणि पसार झाले. भोसरी, चाकण, आळंदी, मोशी, कुठल्याही पानावर ही बातमी सापडेल. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनाही अर्थ कळतो. धूम स्टाईल म्हणजे चोराची स्टाईल. जय आणि अलीने तीन सिनेमे पाठलाग केला, पण मराठीला त्यांनी एक शब्दही दिला नाही.

अशा बातम्या मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं, पुणे शहर आणि पुणे ग्रामीण या दोन्हींतून ठाणी काढून. तेव्हापासून आमच्या भागातल्या बातम्या वाढल्या, आणि शेवटच्या ओळीही. मजकूर ठरलेला असतो: पुढील तपास पोलीस उपनिरीक्षक अमुक करीत आहेत. बहुतेक वेळा तिथे जाधव असतात, गायकवाड असतात, पाटील असतात. कधीमधी शेख असतात, कधी पठाण, एखादे मुलाणी. त्या ओळीत विनोद नसतो आणि निष्ठेचा दाखलाही नसतो. चोरीला गेलेल्या गंठणाचा तपास मुलाणीसाहेब करीत आहेत, एवढंच छापलेलं असतं.